पत्ते, दैव आणि डोके
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई, भाषणाची सवय नाही. पण मंडळाने दिलेला विषय आता आपल्या चुलीपर्यंत आला आहे. मोबाईलवरच्या पत्त्यांत दैव किती आणि डोके किती?

पत्ते आपल्याला परके नाहीत. जव्हार-मोखाड्यात पावसाची झड लागली की घरोघर बदामसात नि मेंढीकोट रंगतो. त्याला मी नावे ठेवणार नाही.

रमीचेच पाहा. १३ पाने हाती येतात ती दैवाने. पुढचे काम डोक्याचे. दोन कॅट असतात, म्हणून प्रत्येक पान दोनदा. बदामाची छक्की-सत्ती हाती असली तर पंजी चालते, अठ्ठीही चालते. म्हणजे ४ पाने उपयोगाची. छक्की-अठ्ठी धरून बसलात तर सत्तीच हवी; म्हणजे दोनच. कोणी काय टाकले हे ध्यानात ठेवणारी बाई जास्त डाव जिंकते. तीन पत्तीत तसे नाही, तिथे पाने येतील तसे नशीब.

सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली हेच सांगितले, की रमीत मुख्यतः कौशल्य लागते. हे वाक्य पुढे मोबाईलवर रमी चालवणाऱ्यांनी फार मिरवले. पण त्याच निकालात असेही होते, की पैशांच्या खेळातून जागेचा मालक नफा काढीत असेल तर तो गुन्हा ठरू शकतो. खरी मेख इथेच आहे.

समजा, चौघींनी शंभर-शंभर रुपये लावले आणि खेळ चालवणाऱ्याने दर डावाला शेकडा १० कापले. एका डावात ४० गेले, १० डावांत ४००. चौघी सारख्याच हुशार असल्या तरी प्रत्येकीचे शंभर गेले! दैव नि डोके आपसात झुंजतात, आणि कधीच न हरणारा तिसराच असतो. शिवाय घरी पत्ते आपल्या डोळ्यांदेखत पिसतात. तिथे समोर कोण बसले आहे तेही दिसत नाही.

माझ्या नात्यातला एक मुलगा. रमीत त्याचा हात धरणारा पाड्यात कोणी नाही. बंदीच्या आधीची गोष्ट. वीटभट्टीची उचल मिळाली ती ५ रात्रींत मोबाईलवर संपली. पण उचल संपली म्हणून भट्टी सुटत नाही. त्याच्या बायकोने तान्हे मूल झोळीत टाकून अख्खा हंगाम विटा थापल्या, त्या हरलेल्या पैशांपायी. तिने तर एक पानही हातात धरले नव्हते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली, मग तो दैवाचा असो की कौशल्याचा. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणून घरात कोणी अडकले असेल तर लाजेपोटी झाकून ठेवू नका. कोणी मोबाईलवर फसवून पैसे नेले तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

आणि उचल घ्यायची वेळ आली तर नवरा-बायकोने दोघांनी मिळून घ्यावी, तिचा हिशेब दोघांना ठाऊक असावा. पत्ते जरूर खेळा, पण ओटीवर बसून, चिंचोके लावून.