खोल रचनेतील शोध आणि फेरफार



आजच्या विषयाचे नाव वाचून तो केवळ संगणकशास्त्राच्या अभ्यासकांसाठी असावा असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या प्रदेशात जमिनीचा हिशेब जिल्हा, तालुका, गाव, गट आणि पोटहिस्सा अशा एकाच्या पोटात एक बसविलेल्या दप्तरांतून ठेवला जातो, तेथील श्रोत्यांना अशा रचनेचा परिचय नव्याने करून देण्याचे कारण नाही. म्हणून दृष्टान्तही तोच घेतो. ॲरे म्हणजे क्रमाने मांडलेल्या मूल्यांची रांग. आणि या रांगेतील एखाद्या स्थानी साधा आकडा असण्याऐवजी दुसरी रांग, व तिच्याही पोटात तिसरी, अशी व्यवस्था करण्यास प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषांची मुभा असते. समजा, एका जिल्ह्याच्या ॲरेत १२ तालुके, प्रत्येक तालुक्यात १०० गावे आणि प्रत्येक गावात ३०० गट, म्हणजे एकूण ३,६०,००० गट आहेत. आणि त्यांपैकी एका गटाच्या खातेदाराचे नाव बदलावयाचे आहे.

गट कोठे आहे हे ठाऊक असेल, तर तीन क्रमांक सांगताच काम होते. परंतु हाती केवळ खातेदाराचे नाव असेल, तर तालुक्यांवर एक लूप, त्याच्या पोटात गावांवर दुसरा आणि त्याच्याही पोटात गटांवर तिसरा चालवावा लागतो, आणि दैव प्रतिकूल असेल तर साऱ्या ३,६०,००० नोंदी चाळाव्या लागतात. तरीही येथे पातळ्या तीनच आहेत हे आपणांस आगाऊ माहीत होते. पोटहिस्स्याचा पुन्हा पोटहिस्सा पडत गेला आणि खोलीचा अंदाजच राहिला नाही, म्हणजे लूप किती लिहावेत हा प्रश्नच निरर्थक होतो. तेथे स्वतःलाच पुन्हा बोलावणारे फंक्शन, अर्थात रिकर्शन, उपयोगी पडते. एमआयटीमध्ये १९५८ साली लिस्प भाषेचे काम आरंभिणाऱ्या जॉन मॅकार्थी यांनी १९६० च्या आपल्या निबंधात यादीच्या पोटातील यादी हीच मूळ रचना मानली आणि तिच्यावरील सारी क्रिया रिकर्शनने व्यक्त केली. आज आपण जे करतो त्यात तत्त्वतः फारशी भर पडलेली नाही. व्यवहारातील एक मर्यादा मात्र ध्यानी ठेवावी. प्रत्येक बोलावण्याची नोंद संगणकाच्या स्टॅकवर साचत जाते, आणि पायथन भाषा तर साधारण १,००० पातळ्यांनंतर, कोणी ही मर्यादा वाढवून दिली नसेल तर, पुढे जाण्यास साफ नकार देते.

येथवर शोधाची हकिकत झाली. नवशिक्याची खरी फजिती होते ती यानंतर. कारण शोध वरून खाली उतरतो, तर फेरफाराला खालून वर परतावे लागते, आणि परतण्याची वाट शोधाने जपून ठेवलेली नसेल तर मूल्य सापडूनही ते बदलता येत नाही. शोधणाऱ्या फंक्शनने खातेदाराचे नाव तेवढे हाती आणून दिले, तर ती नक्कल झाली. तिच्यावर कितीही खाडाखोड केली तरी मूळ दप्तर अबाधितच राहते. म्हणून फंक्शनने मूल्याबरोबर त्याचा मार्गही परत आणावा, हा माझ्या मते या विषयातील मुख्य नियम होय.

नक्कल कोणती आणि अस्सल कोणते, याचा निवाडा मात्र निरनिराळ्या भाषा निरनिराळा करतात. पीएचपीत ॲरेवर साध्या फोरईचने फिरताना प्रत्येक घटकाची नक्कल मिळते, म्हणून केलेला बदल लूपबरोबरच लोपतो. आणि तो टिकावा म्हणून रेफरन्स घेतला, तर लूप संपल्यावरही तो रेफरन्स शेवटच्या घटकाला चिकटून राहतो व पुढे त्याच नावाला काही नवे मूल्य दिले की शेवटची नोंद निष्कारण बिघडते. जावास्क्रिप्टची तऱ्हा उलट आहे. तेथे स्प्रेडने ॲरेची कॉपी घेतली तरी ती फक्त वरच्या पातळीची असते. आतील तालुके आणि गावे जुन्या-नव्या दोहोंत सामाईकच राहतात, आणि नव्या प्रतीत केलेली दुरुस्ती जुन्या प्रतीतही बिनबोभाट उमटते.

यावर संपूर्ण जिल्ह्याची प्रत काढणे हा उपाय सुचतो, पण तो उधळेपणाचा आहे. जुने दप्तर अभंग ठेवून नवे तयार करावयाचे असेल, तर मुळापासून बदललेल्या गटापर्यंतच्या मार्गावरील ॲरे तेवढे नवे करावेत: जिल्ह्याची १२ स्थाने, एका तालुक्याची १०० आणि एका गावाची ३००, मिळून ४१२ स्थाने आणि तो एक गट. बाकी सारे जुन्याकडून जसेच्या तसे घ्यावे. रिच हिकी यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या क्लोजर भाषेने हीच रीत आपल्या मूळ रचनांत बाणवली. तेथे प्रत्येक फाट्यावर ३२ शाखा असल्याने चार पातळ्यांतच १०,४८,५७६ मूल्ये मावतात, आणि एका फेरफाराला मूठभर लहान ॲरेंची नवी प्रत पुरते. त्यापूर्वी १९९७ साली फ्रान्समधील झेरार युए यांनी ‘झिपर’ या नावाने खाली उतरतानाच परतीची वाट जवळ बाळगण्याची युक्ती मांडली होती. ती मला या साऱ्या वाङ्मयातील सर्वांत देखणी वाटते.

परंतु मार्ग जपला तरी तो कशाचा बनलेला आहे हे पाहिले पाहिजे. चौथा तालुका, बेचाळिसावे गाव, एकशेअठरावा गट हा मार्ग (संगणक शून्यापासून मोजत असल्याने तो ३, ४१, ११७ असा लिहील) जोवर कोणी मधली नोंद काढून टाकीत नाही तोवरच खरा. एक नोंद वगळली की पुढच्या साऱ्या एकेक स्थान मागे सरकतात, आणि आपला फेरफार शेजाऱ्याच्या जमिनीवर चढतो! जेसन या मजकूर-स्वरूपात मांडलेल्या माहितीतील बदल कळविण्यासाठी २०१३ साली ठरविलेल्या जेसन पॅच या मानकाने म्हणूनच ‘टेस्ट’ नावाची आज्ञा दिली आहे: त्या जागी अपेक्षित मूल्यच आहे काय ते आधी पाहावे, आणि नसेल तर सारा बदल नामंजूर करावा. मोंगोडीबी या डेटाबेसमध्येही ॲरेच्या पोटातील ॲरेचा विवक्षित घटक अटींवरून निवडून बदलण्याची सोय २०१७ च्या ३.६ या आवृत्तीत ‘ॲरेफिल्टर्स’ने आली, तोवर तेथील डॉलरचिन्हाची खूण एकाच ॲरेतील एकच स्थान दाखवू शके, आणि दुसऱ्या पातळीपाशी ती निरुपयोगी ठरे. स्थानाऐवजी अट किंवा स्थिर क्रमांक सांगून घटक निवडणे हे माझ्या मते अधिक शहाणपणाचे. गटाला स्वतःचा गट क्रमांक असतो तो याचसाठी.

एवढे मान्य केले, म्हणजे मुळात इतकी खोली हवी कशाला, असा प्रश्न येतोच. आयबीएममधील एडगर कॉड यांच्या १९७० च्या प्रसिद्ध निबंधात नेमके हेच उदाहरण आहे: कर्मचाऱ्याच्या नोंदीत त्याची मुले आणि त्याने भूषविलेली पदे, व त्या पदांच्या पोटात वेतनाचा इतिहास. कॉड यांनी ती उतरंड मोडून चार सपाट तक्ते केले आणि वरच्या नोंदीचा क्रमांक खालच्या प्रत्येक नोंदीवर चढवला. आपल्या जिल्ह्याचे तसे केले, तर प्रत्येक गट आपल्या गावाचा आणि तालुक्याचा क्रमांक स्वतःजवळ बाळगील व फेरफार एका ओळीत उरकेल. मात्र संपूर्ण तालुका एकत्र पाहावयाचा झाला की विखुरलेल्या नोंदी पुन्हा जुळवण्याचा खटाटोप आला. ज्या दप्तरात वाचन फार आणि दुरुस्ती क्वचित, तेथे मी उतरंड खुशाल राहू देईन. जेथे रोज फेरफार चढतात, तेथे ती पहिल्याच दिवशी मोडीन.