गाडी ओढत नाही तेव्हा
'गाडीला पिकअप नाही' या तक्रारीत दोष दर वेळी इंजिनाचाच असतो असे नाही. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा बहुधा क्लच प्लेट घसरत असते. थोडे अंतर चालवल्यावर एकच चाक जास्त तापलेले आढळले, तर तिथला ब्रेक धरून राहिलेला असतो. हे दोन संशय फिटल्यावरच बॉनेट उघडावे.

1 किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. म्हणून पहिला मान एअर फिल्टरचा. धुळीच्या रस्त्यांवर तो मुदतीआधीच चोंदतो. मग स्पार्क प्लग. त्याच्या टोकावर कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जाते आहे. काळा थर तेलकट असेल, तर सिलिंडरमध्ये ऑइल शिरते आहे, आणि हे दुखणे खर्चिक. टर्बो डिझेलमध्ये हवेचा रबरी पाइप फाटला की काळा धूर येतो. इंधनाचा दाब आणि कम्प्रेशन मात्र गेज लावूनच कळते.

सुमारे 1,350 मीटर उंचीच्या महाबळेश्वरात हवाच विरळ असते. टर्बो नसलेले धडधाकट इंजिनही तिथे दहाव्या हिश्श्याहून अधिक ताकद गमावते.