इशारा खोटा ठरला तरी



चक्रीवादळ समुद्रात जन्मतं आणि किनाऱ्याला लागायला काही दिवस घेतं. उपग्रहाच्या चित्रांवर त्याची वाटचाल आपण घरबसल्या पाहतो. टोर्नाडो मात्र गडगडाटी ढगातून अचानक उतरतो, बहुधा एक चिंचोळा पट्टा उद्ध्वस्त करतो आणि बरेचदा दहा मिनिटांच्या आत विरूनही जातो. त्याचं भाकीत करायचं कसं?

अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधल्या जॉन फिन्ली यांनी १८८४ साली ते धाडस केलं. त्यांचे २८०३ अंदाज ताडून पाहिले, तर शेकडा ९६हून जास्त बरोबर! पण ग्रोव्ह गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की दरवेळी नुसतं 'टोर्नाडो होणार नाही' म्हटलं असतं तर शेकडा ९८ बरोबर आले असते. फिन्लींनी १०० वेळा 'होईल' म्हटलं होतं. खरे ठरले २८. हिशेब गिल्बर्टचा बिनचूक होता. तरीही, कायम 'नाही' म्हणणाऱ्याने एकाही गावाला सावध केलं नसतं.

आज डॉपलर रडारला ढगाच्या पोटात गरगरणारा वारा दिसतो. पण असे गरगरणारे बहुतेक ढग टोर्नाडो न सोडताच निघून जातात. शिवाय पृथ्वी गोल असल्याने शंभर किलोमीटरवर रडारची किरणं जमिनीपासून किलोमीटरभर उंच गेलेली असतात. खाली काय चाललंय ते त्यांना कळत नाही. म्हणून अमेरिकेत आजही दहातले सुमारे सात इशारे खोटे ठरतात.

याची किंमत मिसूरीतल्या जॉप्लिन शहराने मोजली. २२ मे २०११ रोजी टोर्नाडो जमिनीला टेकण्याच्या १७ मिनिटं आधी इशारा निघाला होता. पण धोक्याचे भोंगे नेहमीच वाजतात, म्हणून पुष्कळांनी पहिल्या भोंग्याला आसरा घेतला नाही; आणखी खात्री होण्याची वाट पाहिली. दीडशेहून अधिक माणसं दगावली.

आपल्याकडे टोर्नाडो क्वचित होतात. विजांचे आणि अतिवृष्टीचे इशारे मात्र दरवर्षी येतात आणि त्यातला एखादा चुकला की हवामान खात्याची टवाळी होते. ती टाळू या. शास्त्रज्ञ चुकण्याच्या भीतीने गप्प बसले, तर ज्या दिवशी संकट खरंच येईल त्या दिवशी आपल्याला कोण सांगणार? इशारा खोटा ठरला, तर आपण सुखरूप आहोत याचा आनंद मानावा आणि पुढचा इशारा आला की पुन्हा आसरा गाठावा.