निवृत्तीआधीची दहा वर्षे : घरचा जमाखर्च
(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



विषय रुक्ष आहे याची आम्हांला कल्पना आहे. वर्षावासात पैशाअडक्याचे बोलणे कशाला, असेही काहींच्या मनात आले असेल. परंतु तथागतांनी राजगृहाच्या वेळुवनात सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला जो उपदेश केला, त्यात मिळकतीची वाटणीसुद्धा सांगितलेली आहे. मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगावा, दोन कामधंद्यात घालावेत आणि चौथा अडीअडचणीसाठी राखावा. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली त्यांत डोक्यावर ऋण नसणे हेही एक सुख मोजलेले आहे. तेव्हा आपण काही विहाराबाहेरचा विषय काढलेला नाही.

नोकरदाराला कामधंदा नसतो, मग दोन भागांचे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते नोकरदाराचे ते दोन भाग म्हणजे मुलांचे शिक्षण आणि राहते घर. अडचण होते ती चौथ्या भागाची. तो आपल्याकडे पडतच नाही.

त्याला कारणेही आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या नावावर जमीन नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत गेले तर विणखात्यात, जिथे मजुरी अधिक होती, तिथे त्यांना घेत नसत, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो इतरांना विटाळ वाटे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला होता. कमी मजुरीच्या खात्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या घरी शिल्लक कोठून पडणार? पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या आणि अनेक घरांत होता तो फंडही त्या दोन-तीन वर्षांत खाऊन संपला. म्हणून आज जो माणूस कचेरीतून, रेल्वेतून, महापालिकेतून किंवा कारखान्यातून निवृत्त होतो आहे, त्याच्या हाती पडणारी रक्कम ही अनेकदा त्या घराण्यात एकरकमी आलेली पहिली रक्कम असते. ती कशी जाते ते आपण सारे पाहतो. निरोपसमारंभाचा हार वाळण्याआधी तिला चार वाटा फुटतात: मुलीचे लग्न, गावचे घर, मुलाची मोटारसायकल आणि पतपेढीचे थकलेले कर्ज.

पन्नाशीच्या गृहस्थाला विचारा, पेन्शन किती बसेल? दहांतले दोघे सांगतील की नाही, शंका आहे. म्हणून थोडा हिशेब करू. केंद्र सरकारच्या जुन्या योजनेतील कर्मचारी साठाव्या वर्षी निवृत्त झाला आणि त्याचे शेवटचे मूळ वेतन ६०,००० रुपये असले, तर मूळ पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे ३०,००० बसते. यातली ४० टक्के विकता येते. आपल्याकडे 'पेन्शन विकली' म्हणतात ते हेच. ८.१९४ या गुणकाने हिशेब केला तर महिना १२,००० विकल्याचे सुमारे ११ लाख ८० हजार रुपये हातात येतात. महागाई भत्ता पूर्ण ३०,००० वरच मिळतो, पण मूळ पेन्शन पंधरा वर्षे १८,००० राहते. पेन्शन विकण्यात गैर काही नाही. कर्ज फिटत असेल तर ते शहाणपणाचेच आहे. मांडव घालण्यासाठी पंधरा वर्षे दरमहा बारा हजार सोडणे मात्र आम्हांला पटत नाही.

कारखान्यातल्या बांधवांची गोष्ट याहून कठीण. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागतात. पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. त्या मर्यादेवर तीस वर्षे भरली आणि वीस वर्षांवरील सेवेसाठी मिळणारी दोन वर्षांची भर धरली, तरी महिन्याला सात हजारांच्या आतच रक्कम येते. त्यातही २०१४ आधीची वर्षे ६,५०० च्या मर्यादेने मोजतात, म्हणजे प्रत्यक्ष आकडा आणखी खाली उतरतो. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. भाव दरसाल सहा टक्क्यांनी चढले तर बारा वर्षांत दुप्पट होतात, हे लक्षात घेतले म्हणजे सत्तराव्या वर्षी त्या पैशात काय येईल ते कळते. या बांधवांचा खरा आधार म्हणजे फंड आणि ग्रॅच्युइटी. ग्रॅच्युइटी प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस सव्वीस धरून. अशा माणसाने फंडातून उचल घेण्याआधी दहा वेळा विचार करावा.

येथे भगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. वर सांगितलेल्या साठ हजारांच्या गृहस्थाच्या मागे पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १८,००० आणि त्यावर महागाई भत्ता. सुरुवातीची काही वर्षे ते वाढीव दराने मिळू शकते, पण कायमचा आकडा हाच. कारखान्याच्या पेन्शनमध्ये विधवेला पतीच्या पेन्शनची निम्मी रक्कम मिळते. आपल्याकडे पतीपेक्षा पत्नी वयाने लहान असते आणि पुष्कळदा मागे तीच राहते. म्हणजे ज्या पैशाचा निर्णय पुरुष मंडळी आज घेत आहेत, त्याचे परिणाम पुढे दहा-पंधरा वर्षे तिला एकटीला भोगावयाचे आहेत. मग त्या निर्णयाच्या वेळी ती चहा करायला आत का असते? "तुला त्यातले काय कळते" हे वाक्य ज्या घरात अजून चालते, त्या घराने भिंतीवरच्या सावित्रीबाईंच्या तसबिरीकडे एकदा पाहावे. महिन्याच्या पगारात घर चालवून वर भिशीचा हप्ता भरते ती बाई हिशेबात कच्ची कशी?

कागदपत्रांचे हाल तर विचारू नका. सर्व्हिस बुकात पत्नीचे नाव माहेरचे, आधार कार्डावर सासरचे, रेशनकार्डावर तिसरेच. पती हयात असताना हे दुरुस्त करणे म्हणजे दोन-चार हेलपाटे. तो गेल्यावर त्याच कामाला तिला महिनोन्‌महिने लागतात. भविष्यनिर्वाह निधीत लग्नाआधी आई किंवा भावाच्या नावे केलेले नामनिर्देशन लग्नानंतर रद्द समजले जाते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. नवे करावे लागते.

लग्नाबद्दल आम्ही जरा स्पष्ट बोलणार आहोत. आपला विवाहविधी त्रिशरण-पंचशील आणि प्रतिज्ञा यांचा, तासाभरात उरकणारा. खर्च विधीला लागत नाही. सभागृह, डीजे, पंगतीतले सात पदार्थ आणि मानपान यांना लागतो. सोयऱ्यांत नाव खाली जाईल या भीतीने फंड मोडला जातो. तीच रक्कम मुलीच्या शिक्षणाला आधी लागली असती तर तिला स्वतःच्या पायावर उभे राहता आले असते.

आता विद्यार्थी मित्रांकडे वळू. वडिलांचा पगार किती, हप्ते किती कापले जातात, हे तुम्हांला माहीत आहे काय? नसेल तर विचारा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. त्यावर उत्पन्न असलेल्यांना आपल्या राज्यात शिक्षण व परीक्षा शुल्काची माफी मिळते, पण खोलीभाडे आणि खानावळ घरातूनच जाते. वडील निवृत्त झाले आणि उत्पन्न मर्यादेखाली आले, तर तहसीलमधून नवा उत्पन्नाचा दाखला काढून शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. हे काम तुमचे आहे, वडिलांचे नव्हे. आणखी एक. केंद्राच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून आणि राज्याच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना बहुतांशी जुनी पेन्शन नाही. कंत्राटी नोकरीत तर फंडाचीही शाश्वती नसते. वडिलांची पेन्शन तुमच्या संसाराला पुरेल असे गृहीत धरू नका. पहिल्या पगारापासून चौथा भाग, तो नाही जमला तर दहावा, बाजूला काढा. दरमहा ३,००० रुपये दहा वर्षे आवर्ती ठेवीत टाकले आणि सात टक्के व्याज धरले, तर सुमारे ५ लाख १९ हजार होतात.

काहीजण विचारतात, सुरुवात कशी करावी? एक साधा उपाय आहे. निवृत्तीला दोन वर्षे उरली की पेन्शनचा अंदाजी आकडा काढावा आणि तेवढ्यातच घर चालवून पाहावे. उरलेला पगार वेगळ्या खात्यात टाकावा. पहिले तीन महिने कटकटी होतील. कोणाचा मोबाईल, कोणाचे पानतंबाखू, कोणाचा क्लास, यांवर वाद होतील. ते वाद पगार चालू असताना झालेले बरे. औषधपाण्याचा खर्च याच वहीत स्वतंत्र लिहावा, कारण तो वयाबरोबर वाढतो आणि कोणाच्याच अंदाजात बसत नाही. आलेली मोठी रक्कम पहिले सहा महिने हलवू नये. जास्त व्याजाचे आमिष दाखवणारा दूरचा नातेवाईक याच काळात घरी येतो. साठीनंतर पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते उघडता येते. १ एप्रिल २०२३ पासून त्यात ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला मिळते.

भाषण लांबले. सभा संपल्यावर आम्ही मागच्या खोलीत थोडा वेळ बसणार आहोत. ज्यांना पेन्शनचा अंदाज काढून हवा असेल त्यांनी शेवटच्या महिन्याची पगारपत्रक आणि सेवेत लागल्याची तारीख घेऊन यावे, आणि शक्य तर पती-पत्नी दोघांनी मिळून यावे. जयभीम.