अन्नदान आणि त्यापुढील सेवा



देवस्थानाच्या उत्सवात अन्नसंतर्पण होते, पंगती उठतात आणि दात्याला समाधान लाभते. ते योग्यच आहे. परंतु पंगत उठल्यावर उपाशी माणसाचे काय, या प्रश्नाला एका संन्याशाने दिलेले उत्तर आज आपणांपुढे ठेवावेसे वाटते.

१८९७ साली बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात दुष्काळ होता. श्रीरामकृष्णांचे शिष्य स्वामी अखंडानंद तेथून पायी चालले असता एक मुसलमान मुलगी फुटलेल्या घागरीपाशी रडत बसलेली त्यांना दिसली. त्यांनी तिला नवी घागर व थोडे पोहे घेऊन दिले. तोच भुकेली मुले भोवती जमली. स्वामींची पुढील यात्रा तेथेच थांबली. त्याच वर्षीच्या १ मे रोजी रामकृष्ण मिशनची स्थापना झाली होती. त्याच महिन्यात महुला गावी त्यांनी धान्यवाटप सुरू केले.

दुष्काळ सरला, धान्यवाटप थांबले. अनाथ मुले मात्र उरली. त्यांना नुसते जेवू घालून मोठे केले असते, तर ती जन्मभर दुसऱ्याच्या दारात उभी राहिली असती. म्हणून स्वामींनी त्यांच्यासाठी आश्रम काढला आणि अक्षरांबरोबर विणकाम, शिवणकाम व सुतारकाम शिकविण्याची सोय केली. १९१३ साली हा आश्रम सारगाछी येथे स्थिरावला. ज्याला आपण आज व्यवसायशिक्षण म्हणतो, ते तेथे मदतकार्याच्या पोटी जन्मले. मला तर यातच त्या कार्याचे खरे मर्म दिसते.

आता पैशाचा प्रश्न. तो आपल्या सभांतही हमखास निघतो! १८९८ साली कलकत्त्यात प्लेगचे भय पसरले, तेव्हा सेवाकार्याला द्रव्य कोठून आणणार, असे एका गुरुबंधूंनी स्वामी विवेकानंदांना विचारले. गरज पडल्यास मठासाठी नुकतीच घेतलेली जमीन विकू, असे त्यांनी सांगितले. ती विकावी लागली नाही. पुढील वर्षी भगिनी निवेदिता व स्वामी सदानंद यांनी वस्त्यांची सफाई हाती घेतली.

देवाची जमीन विकावी, असे मी सुचवीत नाही. तसे करू जाल तर मीच प्रथम विरोध करीन. परंतु उत्सवखर्चातून दरसाल काही भाग बाजूस काढून आपल्या पंचक्रोशीतील निराधार मुलांना एखादे कसब शिकविता येईल की नाही, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावा, एवढी माझी विनंती आहे.

अखंडानंद १९३४ साली मिशनचे अध्यक्ष झाले. तरीही त्यांचे मन सारगाछीच्या त्या आश्रमातच राहिले.