लाज कुणाची, घोडा कुणाचा?

(सावली येथे वस्तीतल्या वाचनालयात तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी एका कवितेवर बोलणार आहे. कविता म्हटलं की मागं बसलेले पोट्टे जांभया देतात. देऊ नका बाप्पा. ही कविता तुम्हा सगळ्यांच्या कानावरून गेलेली आहे. प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार यांच्यावरची कुसुमाग्रजांची कविता. 1974 साली शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली, तेव्हा हृदयनाथ मंगेशकरांनी तिला चाल लावली, लताबाईंनी ती गायली, आणि ती घराघरांत गेली. आजही 26 जानेवारीला लाऊडस्पीकरवर लागते.

माझी तिची ओळख शाळेच्या गॅदरिंगमधली. गुरुजींनी सात पोरं निवडली. फेटे, बांबूचे घोडे, पुठ्ठ्याच्या तलवारी. आमच्या वस्तीतल्या पोरांना खानाची फौज केलं. आम्ही पन्नासेक जण भिंतीला टेकून उभे. गाणं लागलं, सातजण आमच्यावर चालून आले आणि मरून पडले. जिंकलो आम्ही, टाळ्या त्यांना! तेव्हापासून मी ही कविता खानाच्या बाजूला उभं राहून ऐकतो. तिथून काही गोष्टी नीट दिसतात, त्या सांगायला आलो आहे.

आधी घडलं काय ते पाहू. 1673 साली उमराणीला प्रतापरावांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडलं. त्याचं पाणी तोडलं. खान शरण आला, गयावया केली, आणि प्रतापरावांनी त्याला वाट दिली. खान पुन्हा उलटला. शिवाजी महाराज संतापले. तो राग बिनबुडाचा नव्हता, सोडलेला शत्रू परत रयतेवर आला होता. महाराजांनी कडक शब्दांत कळवलं की खानाचा निकाल लावल्याशिवाय तोंड दाखवू नका. 24 फेब्रुवारी 1674. आजच्या गडहिंग्लज तालुक्यातलं नेसरी. समोर खान दिसला, आणि सरनोबत फौज मागं ठेवून मोजक्या स्वारांनिशी तुटून पडले. सगळे मेले. त्याच एप्रिलमध्ये नारायण शेणवी यांनी रायगडाहून मुंबईच्या इंग्रजांना पत्र लिहिलं. त्यात प्रतापरावांबरोबर सहा स्वार पडल्याचा आणि बाकीची फौज मदतीला न आल्याचा उल्लेख आहे.

आता कवितेकडे या. त्या पत्राचे शब्द कवितेत दोन ठिकाणी टोचतात. एक, तुम्ही पळालात तर घरोघरच्या बायका लाजतील. दोन, माघारी फिरणं हे आपलं शील नव्हे. उत्तरात प्रतापराव कबूल करतात की काल आपण जातीला विसरलो. इथं जात म्हणजे बाणा, हे मला कळतं. मी मूर्ख नाही. पण ज्याला जन्मभर जातीवरून मोजलं, त्याच्या कानात तो शब्द कसा पडतो, हेही ऐकून घ्या. लोकपरंपरा त्या सहांची नावं सांगते, त्यात सिद्दी हिलाल हे एक नाव येतं. त्यानं कुठल्या जातीचं ऋण फेडलं?

प्रतापरावांचं मी समजू शकतो. चूक त्यांची, ठपका त्यांच्यावर, मान त्यांची. पण ते सहा? पत्र त्यांच्या नावाचं नव्हतं. हुकूम कुणी दिला नाही. कवितेत ते उठतात, शेले सावरतात, रिकिबीत पाय टाकतात आणि जातात. संपूर्ण कवितेत त्यांच्या तोंडी एक शब्द नाही, त्यांना नावं नाहीत. सेनापतीचे डोळे ओले झालेले दिसले, तेवढं पुरलं. ही त्यांची निवड होती काय? असेलही. माणूस आपल्या माणसासाठी मरतो, त्यात मोठेपण आहे, मी ते हिणवणार नाही. पण "मी येत नाही" म्हणायची सोय त्या क्षणी त्यांना होती काय? नाही म्हणण्याची सोय जिथं नाही, तिथल्या होकाराला निवड म्हणायचं की नाही, हा माझा पहिला सवाल.

दुसरा सवाल मागं राहिलेल्या फौजेचा. कविता त्यांना थक्क करून उभं ठेवते आणि विसरते. इतिहास विसरत नाही. ती फौज आनंदरावांनी सावरली. पुढं हंबीरराव मोहिते सरनोबत झाले. 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला. राज्य टिकलं ते न धावलेल्या हजारोंमुळं. त्यांच्यावर गाणं कुठाय?

तिसरा सवाल लाजेचा. आपल्या आज्यापणज्यांनीही लढाया केल्या. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या स्तंभावर आपली नावं कोरलेली आहेत. पण 1892 च्या सुमाराला इंग्रजानं महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांना 1894 साली अर्ज लिहावा लागला की आम्ही शूर आहोत, आम्हाला घ्या. पाहा, रक्त सांडूनही शूरपणाचा दाखला मागायची पाळी! प्रतापरावांची लाज एका माघारीची होती, ती मरून धुता आली. आपल्यावर लादलेली लाज जन्माची होती. ती घोड्यावर बसून धुतली जात नव्हती. ती आपली नव्हतीच.

मग आपला सेनापती अशा वेळी काय करत होता? महाड, मार्च 1927. पाणी प्यायल्याबद्दल आपल्या माणसांना मारलं. जमावात पलटणीत राहून आलेले जवान होते, ते एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा जमले. सत्याग्रहासाठी हजारोंनी एकेकानं पुढं येऊन आपली नावं नोंदवली. तुरुंगात जायची तयारी. कोर्टाचा मनाई हुकूम आलेला. बाबासाहेबांनी सगळी परिस्थिती मांडली, आणि सत्याग्रह तहकूब झाला. माघार! पण "तोंड दाखवू नका" असं कुणी कुणाला म्हटलं नाही. तहकुबीचा बोल त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला. तळ्याची लढाई ते दहा वर्षं कोर्टात लढले आणि 1937 साली हायकोर्टात जिंकले. 1935 ला येवल्याची घोषणा, 1956 ला दीक्षा. मधे एकवीस वर्षं. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, आपल्या चंद्रपूरला. यातलं काहीच एका दौडीत झालं नाही. आणि शील म्हणाल तर आपणही पाच शीलं घेतो. ती ज्याची त्यानं घ्यायची असतात, बायका लाजतील म्हणून नव्हे.

हे जुनं उकरून मी आज काहून बोलतो? इथल्या जंगलपट्ट्यात 1980 पासून बंदूक आली. 1990 ला सी-साठ पथक आलं. दोन्हीकडं आपलेच, आदिवासींचेच पोट्टे, आणि दोन्हीकडं तीच भाषा, मागं फिरशील तर तोंड दाखवू नको.

माझ्या मावसभावाची गोष्ट सांगून संपवतो. पोलीस भरतीसाठी तो पहाटे चारला मूल रोडवर धावायचा. तिसऱ्या खेपेला सोळाशे मीटरमध्ये पोटात कळ आली अन् पडला. घरी आला तर बाप म्हणाला, "गावात तोंड दाखवाले जागा नाही ठेवली." पोरगा रात्रीच निघून गेला. तेलंगणात मिरची तोडाईला. दोन वर्षं पत्ता नाही. बापाला कविता ठाऊक नव्हती, पण पत्र त्यानं तेच लिहिलं. मावशीनं धानाचं कट्टं विकलं, मिरचीच्या शेतांतून शोधत फिरली आणि पोराला हाताला धरून आणलं.

उद्या पहाटे पुन्हा पोट्टे धावतील. धावा. भरती व्हा, नाहीतर बांधीत रोवणा करा, ती तुमची निवड. पण कवितेतल्या त्या घरोघरच्या बायकांना कुणी काही विचारलं नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा. माझी मावशी इथं पहिल्या रांगेत बसली आहे. तिला विचारा, लाज वाटली होती काय म्हणून.

जय भीम.