भांडार बिघडले तरी संगणक उठतो

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं आपल्या भागात कुणाला ठाऊक नाहीत? जमिनीच्या पोटात खोल खणलेली ही कोठारं. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ साली कृष्णेला महापूर आला, पाणी आत शिरलं आणि पुष्कळ पेवं निकामी झाली. म्हणून काही सांगलीची हळदपेठ उठून गेली नाही. माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला. कोठार गेलं, व्यापार राहिला. तळहातावर मावणाऱ्या एका संगणकाचंही असंच आहे.

या संगणकाचा सगळा संसार एकाच बोर्डावर असतो, म्हणून त्याला सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणतात. २०१३ साली निघालेला 'बीगलबोन ब्लॅक' हा त्यांतलाच एक. शाळेत मुलांना प्रोग्रॅम लिहायला शिकवावं, द्राक्षबागेतलं तापमान आणि दमटपणा टिपून ठेवावा, अशा कामांना तो उपयोगी पडतो. प्रोसेसर हा त्याचा मेंदू. शेजारी ई-एमएमसी नावाची एक चिप असते, ती त्याचं कोठार. यंत्र चालवणारी प्रणाली आणि आपल्या नोंदी त्या कोठारात राहतात.

हे कोठार बिघडतं कशानं? एक तर झिजेनं. त्यात पुसून पुन्हा लिहिण्याला मर्यादा असते. दुसरं कारण आपल्या रोजच्या ओळखीचं: लिहिणं चालू असतानाच वीज जाते आणि मजकूर अर्धवट राहतो. मग बोर्ड सुरू होत नाही, आणि शाळेनं पै-पै जमवून घेतलेली वस्तू भंगारात निघते. थांबा, गुरुजी! मेंदू बहुधा शाबूत असतो.

प्रोसेसरच्या पोटात कारखान्यातच कोरलेला, कधी न पुसला जाणारा छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला रॉम म्हणतात. वीज येताच तो आधी कोठारात पाहतो. तिथं काहीच मिळालं नाही, तर आपणहून मायक्रो एसडी कार्डाकडे वळतो. पण कोठाराचा आरंभ चांगला आणि पुढचा भाग नासका असेल, तर तो फसतो. सुरुवात होते नि मध्येच सगळं ठप्प होतं. पुरतं रिकामं कोठार परवडलं, अर्धं नासलेलं नको!

त्यासाठी बोर्डावर एस-२ नावाचं बारीक बटण आहे, कार्डाच्या खाचेच्या वरच्या अंगाला. दुसऱ्या चांगल्या संगणकावर प्रणालीची प्रतिमा, म्हणजे इमेज, कार्डावर लिहून घ्या. फाईल नुसती कॉपी करून भागत नाही. इमेज लिहिणारा खास प्रोग्रॅम वापरावा लागतो. बोर्डाची वीज काढा. कार्ड घाला. एस-२ दाबून धरा, आणि धरलेलं असतानाच वीज जोडा. दिवे लागले की बोट उचला. नुसतं रीसेटचं बटण दाबून हे साधत नाही, कारण एस-२ दाबलेलं आहे की नाही, हे वीज येतानाच पाहिलं जातं.

नेहमीच्या डेबियन प्रणालीत चार निळ्या दिव्यांपैकी पहिला काळजाच्या ठोक्यासारखा लुकलुकतो. दुसरा कार्डाची वाचालेखी चालू असताना चमकतो. हे दोन दिसले, की यंत्र उठलं असं समजा.

आता घाई करू नका. जुन्या कोठारातल्या नोंदी वाचता येत असतील, तर त्या आधी उतरवून घ्या. बागेच्या हंगामभराच्या नोंदी पैशानं परत मिळत नाहीत. मग कोठारात प्रणाली नव्यानं लिहून पाहा. लिहिलं गेलं तर उत्तम. नाही टिकलं, तर त्याचा आरंभीचा भाग पुसता येतो का पाहा. तेवढं साधलं, की दर वेळी बटण न दाबताही बोर्ड कार्डावरून सुरू होईल.

कार्डही झिजतं, हे मात्र विसरू नका. तयार केलेलं एक जादा कार्ड शाळेच्या कपाटात असू द्या. बोर्ड बंद करताना वायर उपसू नका, प्रणालीला रीतसर बंद करा. नोंदींची प्रत दर आठवड्याला दुसरीकडे ठेवा. शेतकरी सगळं बियाणं एकाच कणगीत ठेवत नाही. तीच रीत इथंही पाळावी.